समोरून पाहिलेलं घर

९ जानेवारी

वहिनी,

आधी बसा. पाणी घ्या. मग पुढचं वाचा.

मी दौऱ्यावर नाही. चिमणीला फोनवर सांगितलं ती शुद्ध थाप होती. नाटक कंपनीला आता सुताराची गरज उरलेली नाही. हल्ली महाल हवा, मारा प्रकाश. जंगल हवं, मारा प्रकाश. माझी हातोडी बसून राहायला लागली, तेव्हा मीही बसायचं ठरवलं. कंपनीने निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते चालत नाही. गाठीला जे होतं त्यात मी घर घेतलं.

होय, घर. जुनं आहे, पण घर आहे. लहानसं गाव, मोठं तळं, आणि तळ्याकाठच्या रस्त्यावर दगडी जोत्याचं, लाकडी सज्ज्याचं, माझं. इथली तरणी मंडळी शहरात गेली आणि म्हातारी वर गेली, त्यामुळे घरं स्वस्त आहेत. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात. लग्नाच्या वाटेला मी गेलो नाही. घरं जन्मभर बांधली, पण शेवटचा अंक संपला की मोडून ट्रकमध्ये भरायची. उद्या सकाळी जागेवर असेल असं हे माझं पहिलंच.

आता मुद्द्याचं. दादा गेला, भाड्याची जागा सोडावी लागली, तुम्ही लेकीकडे, चिमणीकडे गेलात आणि मी कंपनीच्या कोठारात राजवाड्यामागे पथारी टाकली. तुम्ही तक्रार करणाऱ्यातल्या नाही. पण मी चिमणीकडे आलो होतो ना, तुमचा पलंग कुठे लावलाय ते बघितलं. तेव्हापासून घास नीट उतरत नव्हता. तर इकडे या. कायमच्या या. मागची खोली तुमची. तिला खिडकी आहे, आणि मागे तळं आहे.

फोन करू नका. इथे धक्क्याच्या टोकाला एका पायावर उभं राहिलं तरच आवाज येतो. शिवाय फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'हं' म्हणतो. पत्रात निदान माझ्या वाट्याला वाक्यं येतात.

कळावे. राग आला तर तोही कळवावा.

भावजी

२० जानेवारी

भावजी,

बसले, पाणी प्यायले, वाचलं, आणि पुन्हा पाणी प्यायले.

अहो, माणसं भाजी घेताना घरात विचारतात, तुम्ही घरच घेऊन बसलात! तुमचे सदरे आजवर कोणी निवडले? मी. बाह्या लांब निघाल्या की कोणी कापल्या? मीच. आणि हा माणूस एकटा जाऊन घर निवडतो. छप्पर गळतं का? नळाला पाणी किती वाजता येतं? संडास आत आहे की परसात? आधी कोण राहत होतं आणि का सोडून गेलं? स्वस्तातलं घर आणि हसतमुख स्थळ, दोन्हीत कुठेतरी खोट असतेच. मला विचाराल तर स्थळातली लग्नानंतर कळते आणि घरातली पावसानंतर.

माझं इथे बरं चाललंय. चिमणी मायेने करते. जावई येता-जाता 'आई, बसा ना' म्हणतात. मी बसलेलीच असते. माझा पलंग त्यांच्या व्यायामाच्या सायकलीशेजारी आहे. व्यायाम कोणी करत नाही, तिच्यावर टॉवेल वाळतात. परवा पाहुणे आले होते. त्यांना घर दाखवताना जावई म्हणाले, "ही सायकलची खोली. सध्या आई असतात इथे." मला काही वाटलं नाही. मी आपली टॉवेलांच्या घड्या घालत होते.

तुमच्याकडे राहायला येणं शक्य नाही, हे स्पष्टच लिहिते. आपण तिघं होतो तोवर ठीक होतं. एका छताखाली तीन माणसं असली की त्याला घर म्हणतात. त्यातलं मधलं गेलं की लोक त्याला लफडं म्हणतात. माझे गुडघे बघा, तुमची कवळी बघा. पण लोक गुडघे आणि कवळी बघत नाहीत, त्यांना दिराच्या दारात वहिनीच्या चपला दिसल्या की पुरे. या वयात माझ्या नावाने कोणाची करमणूक व्हायला नको.

तरी एक विचारते, उगाचच. तळं खरंच दिसतं का? मी सगळा संसार समोरच्या इमारतीचा सांडपाण्याचा पाइप बघत केला. तो कधी फुटला, कधी सांधला, कुठल्या मजल्यावर बदलला, मला तोंडपाठ आहे. खिडकीतून पाणी बघायला मिळालं तेही फुटला तेव्हाच. फोटो पाठवा. येणार नाही, पण पाठवा.

वहिनी

११ फेब्रुवारी

वहिनी,

सोबत तीन फोटो आहेत. तुमच्या खोलीतून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. मी जास्त बोलत नाही, तळंच बोलेल.

फोटो छापून दिले पोस्टातल्या बाईंनी. पोस्टाच्या कोपऱ्यात तेही यंत्र आहे. या बाई आपल्या शेजारीण. गाव त्यांना पोस्टबाई म्हणतं. पाकीट हातात घेतात, तोलतात, आणि मग वजनकाट्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघतात. मजकूर तिथेच वाचून होतो. बाई चांगल्या आहेत, फक्त त्यांना अर्धवट माहिती सोसत नाही.

घराचं काम जोरात आहे. समोरच्या बाजूला रंग काढला, सज्ज्याचे कठडे सरळ केले, दाराला नवी कडी लावली. येणारे-जाणारे थांबून बघतात. छप्पर गळत नाही. म्हणजे सध्या पाऊस नाही. संडास आत आहे. आत म्हणजे अंगणाच्या आत.

तुम्ही म्हणता लोक बोलतील. इथे लोकच किती आहेत? तेही बहुतेक बहिरे. पण लगेच मात्र येऊ नका, रंगाचा वास फार आहे, तुम्हाला शिंका येतील. वास गेला की मी कळवीन.

भावजी

१९ फेब्रुवारी

भावजी,

फोटो मिळाले. चिमणी म्हणाली, "अय्या, काय सुंदर!" जावई म्हणाले, "भाव वाढणार तिथले." मी दोन दिवसांनी चष्मा लावला.

सकाळी पाण्यावर एक पक्षी उडतोय. दुपारी तोच पक्षी, त्याच जागी. संध्याकाळीही तिथेच, पंख तस्सेच वर. इतका वेळ हवेत लटकलेला पक्षी एक तर मेलेला असतो किंवा तुम्ही काढलेला. तेही मी सोडून दिलं असतं, म्हटलं असेल एखादा आळशी. पण भावजी, आकाशाच्या मधोमध शिवण आहे. दुहेरी शिवण. आणि खाली, जिथे पाणी सुरू होतं, तिथे वीतभर हाताचे टाके. त्या दिवशी माझ्या मशीनची सुई तुटली होती, प्रयोग संध्याकाळी होता, आणि तुम्ही डोक्याशी उभं राहून 'वहिनी, आटपा, वहिनी, आटपा' म्हणत होतात. कंपनीचे पडदे कोण शिवत होतं हे विसरलात वाटतं?

हे तेच तळं. याच्यात आपली नायिका गावोगाव जीव द्यायला जायची आणि चहाच्या वेळेला विंगेतून केस पुसत बाहेर यायची. ते तुम्ही कंपनीतून उचलून आणलंत आणि माझ्या खिडकीला ठोकलंत! दिराने वहिनीला टोपी घालावी, हेही एक वेळ मान्य करीन. पण वहिनीनेच शिवलेली?

मी इतकी हसले की चिमणी उठून आली, तिला वाटलं मला झटका आला. पण हसून झाल्यावर मला थोडं वाईट वाटलं, तेही लिहिते. मी ते फोटो उशाशी लावून ठेवले होते. दोन दिवस चष्म्याशिवाय बघितले, आणि दोन दिवस माझ्या मनात होतं की जावं.

आता खरं काय ते लिहा. त्या कापडामागे काय आहे?

वहिनी

२७ फेब्रुवारी

वहिनी,

पत्रा आहे.

होडीवाल्याची शेड. लांबलचक, उंच, गंजलेली. तिच्या पलीकडे तळं आहे. दलाल खोटं बोलला नाही; घरामागे तळं आहे म्हणाला आणि ते आहेच. मध्ये काय आहे ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

घेण्याआधी मागे जाऊन बघितलं नाही का, हे तुम्ही विचारण्याआधीच सांगतो. नाही बघितलं. दलाल बेरकी. त्याने रस्त्याच्या पलीकडे खुर्ची टाकली, टपरीवरून चहा मागवला आणि म्हणाला, बसा, निवांत बघा. वहिनी, मी जन्मभर विंगेत उभा. माझं एक-एक घर मी मागूनच बघितलं: टेकू, खिळे, दोऱ्या आणि बिड्या ओढणारी पोरं. समोरून ते कसं दिसायचं हे मला लोकांनी सांगितलं. मला पहिल्यांदाच कोणीतरी समोर खुर्ची दिली होती. मी बसलो. घर समोर उभं. ऊन डावीकडून तिरपं पडलेलं, आम्ही दिवा लावायचो बरोबर तिथून. चहा संपेपर्यंत बघत राहिलो आणि कप खाली ठेवून हो म्हणालो. एखाद्याने माझ्याजागी निदान कौलं मोजली असती. टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी होत्या.

आता सुरुवात केलीच आहे तर सगळंच ऐका. छप्पर गळतं. मागच्या आठवड्यात अवकाळी सर आली तेव्हा कळलं. स्वयंपाकघराची भिंत ओलीने फुगली होती, तिच्यावर मी कापड ताणून रंग दिला आणि मागून दोन टेकू लावले. दार उघडलं की भिंत हलते. दार मात्र फार सुरेख उघडतं. रस्त्यावरून बघाल तर घर नवं कोरं आहे. मागच्या बाजूला कापड आणि टेकूंपलीकडे मी हातच लावलेला नाही. आणि खरं सांगतो, वहिनी, तुमचं पत्र येईपर्यंत हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. सवयीने हात समोरच चालत राहिले.

तेव्हा येऊ नका. वरून रंग आणि आतून भंग, असल्या घरात तुम्हाला बोलावलं याची मला लाज वाटते. खोली मात्र तुमचीच आहे, तिथे मी दुसरं काही ठेवलेलं नाही.

भावजी

५ मार्च

भावजी,

शनिवारी दुपारच्या बसने येते. राहायला नाही, बघायला. तुमची सगळी नाटकं मी फुकट पाहिली, हे तरी का सोडू?

चिमणीला सांगितलंय की गुडघ्याच्या डॉक्टरकडे जातेय आणि तो डॉक्टर लांब राहतो. बादल्या पुरेशा आहेत का? नसतील तर आधी घेऊन ठेवा. आणि ते कापड मी येईपर्यंत काढू नका. त्या पक्ष्याला मला समोरासमोर दोन शब्द सुनवायचे आहेत.

वहिनी

१९ मार्च

भावजी,

मी सुखरूप पोचले. विचारलं नाहीत तरी कळवते.

तुम्हाला वाटत असेल की घर बघून पळाले. तसं समजू नका. भिंत हलली तेव्हा मी हसले, तुम्हीच साक्षीला आहात. चहात छताचा पोपडा पडला, तो काढून मी चहा प्यायले. तुम्ही मला त्या शेडीतून पलीकडे नेलंत, होडीवाल्याच्या ओंडक्यावर बसवलंत आणि मी तळं बघितलं. शिवण नसलेलं. मी इतका वेळ गप्प बसले की तुम्ही घाबरून विचारलंत, बरं वाटत नाही का. बरं वाटत होतं, म्हणूनच गप्प होते. परत येताना मनाशी ठरवलं होतं की राहायचं. गेले ते लोक खड्ड्यात. घरी गेल्यावर तुम्हाला सांगणार होते, शब्द जिभेवर आले होते.

आणि दारात त्या पोस्टबाई. "या कोण?" म्हणून त्यांनी सरळ विचारलं. काही वाईट नव्हतं त्यांच्या मनात. आणि तुम्ही, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, म्हणालात, "या? या भाडेकरू. मागची खोली घेतायत."

भाडेकरू!

माझं लग्न झालं तेव्हा तुम्हाला मिसरूड फुटत होती. तेव्हापासून तुमची बटणं मी लावली. तुम्हाला कावीळ झाली तेव्हा दादा नाटकाच्या दौऱ्यावर होते. तुमच्या उशाशी कोण बसलं होतं? दादा गेले त्या दिवशी सगळं गणगोत मला धीर द्यायला लागलं. मला धीर नको होता. तुम्ही एकटे माझ्या शेजारी येऊन बसलात आणि लहान मुलासारखे रडलात, तेव्हा कुठे मला रडता आलं. आणि त्या माणसाला, मी कोण, हे सांगायला लाज वाटली.

म्हणून मी पिशवी उचलली आणि पहिल्या बसने निघाले. तुम्ही स्टँडपर्यंत मागे मागे आलात आणि तिथेही 'हं'च म्हणत होतात.

चिमणीकडे मी सायकलच्या खोलीतली, तुमच्याकडे मी भाडेकरू. मला तळं नको होतं हो. पाइप चालला असता. 'ही आमची' म्हणणारं एक माणूस हवं होतं, बस. इतकंही या वयात मागू नये की काय?

उत्तर लिहू नये.

वहिनी

२६ मार्च

वहिनी,

लिहू नये म्हणालात, म्हणून थोडकं लिहितो.

मी तुमच्यासाठीच तसं म्हणालो. तुम्हीच लिहिलं होतंत, मधलं माणूस गेलं की लोक लफडं म्हणतात. मला वाटलं, भाडेकरूबद्दल कोणी काही बोलत नाही. तो शब्द स्वच्छ वाटला.

हे लिहून वाचलं आणि कळलं की यात काही अर्थ नाही. तुम्हाला झाकायला गेलो नव्हतो, स्वतःला झाकायला गेलो. मी पडदा उघडण्याआधी पळणारा माणूस आहे, वहिनी. माझं चुकलं.

भावजी

१६ एप्रिल

वहिनी,

तुमचं उत्तर नाही. बरोबरच आहे. पण एक घडलं ते कळवायला हवं, नाहीतर दुसऱ्या कोणाकडून कळलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही.

काल पोस्टात गेलो होतो, तिकिटं घ्यायला. पेन्शनचा दिवस. सगळं गाव रांगेत. होडीवाला पुढे, त्याच्यापुढे दलाल, मागे काठ्या टेकत बाकीचे. माझा नंबर आला आणि पोस्टबाईंनी खिडकीतून, अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय हो, तुमच्या भाडेकरू फिरकल्या नाहीत परत?"

वहिनी, माझे पाय दाराकडे वळले होते, खोटं कशाला सांगू. मग वळलो. आणि बोललो. काय बोललो ते आठवेल तसं लिहितो.

म्हणालो, "त्या भाडेकरू नाहीत. माझ्या वहिनी आहेत. माझा भाऊ गेला. मला लहानाचं मोठं त्यांनी केलं, मोठा झालो की नाही ते देव जाणे. मी खोटं बोललो कारण मी भित्रा आहे. त्यांनी इथे राहावं असं मला वाटतं, माझ्या घरात, माझं माणूस म्हणून. कोणाला काही बोलायचं असेल तर आत्ता बोला, कारण मी पुन्हा इतकं बोलणार नाही."

मला वाटलं, आता हे लोक मला तळ्यात बुडवणार.

मग होडीवाला म्हणाला, "वहिनी होय? आम्ही समजत होतो बायको. घर बघून पळाली."

दलाल म्हणाला, "घरात काही खोट नाही." त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

मागून एक म्हातारा म्हणाला, "माझी याच रस्त्यावरून पळाली होती. परत आली. मला आवडलं नाही, पण आली."

आणि पोस्टबाई म्हणाल्या, "एवढंच होतं तर तेव्हाच सांगायचं ना! मी महिनाभर अंदाज करतेय. तिकिटं किती देऊ?"

झालं. संपलं. मी इतकी वर्षं ज्या लोकांना घाबरलो ते हे. तिकिटं घेतली, सुटे पैसे मात्र खिडकीतच विसरून आलो.

घरी येऊन मी ते कापड काढलं, घडी घालून ठेवलं. आता खिडकीतून नुसता पत्रा दिसतो. पाइपापेक्षा रुंद आहे, एवढंच म्हणतो. होडीवाला म्हणाला, शेडीची दोन्हीकडची दारं उघडी टाकली तर मधून तळं दिसेल. पण दारं उघडायची म्हणजे त्याला कामावर यावं लागेल, आणि ते त्याच्या तब्येतीला मानवत नाही. मी स्वयंपाकघराच्या भिंतीचे टेकू काढले. भिंत पडली. आता ती विटांनी बांधायला घेतली आहे, कापडाने नाही. हळू चाललंय. विटा मोडून ट्रकमध्ये भरायच्या नाहीत, याची सवय व्हायला वेळ लागतोय.

याल का, असं विचारत नाही. माझं माणूस चिमणीकडे आहे, एवढं गावाला ठाऊक आहे.

भावजी

२४ एप्रिल

भावजी,

पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. रडले. हाताला लागलेल्या टॉवेलने डोळे पुसले, तो नेमका जावयांचा निघाला.

तुमच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक ओळ आहे, तुम्ही बघितली नसेल: 'हे खरोखरच बोलले. मी ऐकलं. लवकर या, गावाला करमत नाही.' तुमच्या पोस्टबाईंचा अंदाज आता संपला असेल अशी आशा आहे. बाई मला आवडल्या. तोंडावर विचारणारी माणसं परवडतात.

चिमणीला सांगितलं. ती पहिलं वाक्य म्हणाली, "आई, लोक काय म्हणतील?" म्हटलं, लोक पोस्टात होते, त्यांना विचारून झालंय. मग ती रडली, मग मी रडले, मग जावयांनी विचारलं की सायकल आता पलंगाच्या जागी सरकवली तर चालेल का. मनाने वाईट नाहीत ते, त्यांना फक्त जागेची चिंता.

तर येते. कायमची. पण माझी अट आहे आणि ती निमूट ऐका. मी आश्रित म्हणून येणार नाही, पाहुणी म्हणून येणार नाही, आणि तिसरा शब्द तर पुन्हा तोंडातून काढूच नका. पडद्यांच्या शिलाईचे माझे पैसे आहेत. तुमच्या दादांनाही ते माहीत नव्हते. माहीत असते तर त्यांनी त्यात नाटक काढलं असतं. त्यातून मी घर विकत घेते. अर्धं. मागचं अर्धं. समोरचं तुम्हाला लखलाभ, रस्त्यापलीकडे खुर्ची टाकून खुशाल बघत बसा. गळकं छप्पर, पडलेली भिंत, पत्र्याची खिडकी, सगळं माझं. मी अशाच जागी जगलेय, मला तिथलं कळतं.

वकिलाकडेही जाऊन आले. तो म्हणतो, बाई, घर असं पुढचं-मागचं कापून नावावर होत नाही, सबंध घर दोघांच्या नावावर करावं लागेल. त्याला समजावून थकले. मग तसं करा. घाबरू नका, एवढे पैसे देऊन मी तुमच्या समोरच्या रंगालाही नावं ठेवणार आहे.

शनिवारी दुपारच्या बसने येते. या वेळी परतीचं तिकीट काढलेलं नाही. ट्रंक आहे आणि मशीन आहे, मशीन तुम्ही उचलायचं. स्टँडवर गर्दी असेल, पोस्टबाई असतील, तो पळालेल्या बायकोचा म्हाताराही असेल. कोण आलं म्हणून कोणी विचारलंच, तर तुम्ही आपलं 'हं' म्हणा आणि मशीन सांभाळा. मी सांगेन. म्हणेन, मी इथलीच.

वहिनी